सात वाजताची एक रिंग

“पोचली नाहीत. मला बोलवा.”

सकाळचे सात वाजले होते आणि मी खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होतो. तीन जिने चढून आलो की माझा क्रम ठरलेला आहे. आधी बूट, मग श्वास, मग काम. नाडी हातातच राहिली. कपाटावरच्या स्पीकरमधून बॅटरी बोलला होता. तोच जरा नाकातून येणारा, घाईतला आवाज. बॅटरीला जाऊन आठ महिने झाले होते.

घाबरू नका, ही भुताखेताची गोष्ट नाही. मी भित्रा आहे, पण भुतांना भिणारा नाही. मी कॉम्प्युटरला भितो.

आमचं ग्रंथालय अंधांसाठी आहे. इथली पुस्तकं कानाने वाचतात. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येत नाही. तिथे बसून आमच्या इथल्या बाई पुस्तक वाचतात, ते यंत्रावर उतरवून घेतलं जातं आणि रोज सकाळी सातला एकेक प्रकरण एकशे त्रेसष्ट सभासदांना ई-मेलने जातं. मी इथला कारकून, एकुलता एक. बॅटरी इथला तंत्रज्ञ, तोही एकुलता एक. तरी तो मला हेडक्लार्क म्हणायचा. त्याचं बॅटरी हे नाव त्याच्या चष्म्यामुळे पडलं होतं. अंधांच्या ग्रंथालयात सगळ्यात जाड भिंगं तंत्रज्ञाची, यावर आमचे सभासदच पोट धरून हसायचे.

चौदा वर्षांपूर्वीपर्यंत ही पत्रं मी हाताने पाठवत असे. एकेक नाव शोधायचं, एकेक प्रकरण जोडायचं. शेवटच्या सभासदापर्यंत पोचता पोचता जेवणाची वेळ टळून जायची. बॅटरी कामाला लागला आणि आठवडाभर माझी ही तारांबळ बघून एक छोटासा प्रोग्रॅम लिहून बसला. सात वाजले की तो आपणहून जागा होई, खात्यात शिरे आणि पत्रं वाटून येई. मला फक्त झालं की नाही ते बघायचं होतं, आणि नेमकं तेच मला जमेना. पडद्यावर इंग्रजीत काही लाल अक्षरं उमटली की मी पडदा बंद करून टाकत असे.

“चूक दिसली की तू डोळे मिटतोस,” बॅटरी म्हणाला होता. “थांब, तुला ती ऐकवतोच.”

मग त्याने गाद्यांच्या खोलीत जाऊन स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं भरली. सगळं सुरळीत झालं तर स्पीकर म्हणे, “पोचली. सगळ्यांना पोचली.” अडलं तर म्हणे, “पोचली नाहीत. मला बोलवा.”

बोलवायची रीतही त्यानेच ठरवली. पत्रं पोचली तर मी त्याच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि कापायची. तो उलट एक रिंग द्यायचा, म्हणजे समजलं. नाही पोचली तर कापायची नाही, वाजू द्यायची. तो फोन उचलायच्या भानगडीत पडायचा नाही, सरळ सायकल काढायचा. पंधरा मिनिटांत जिन्यात त्याची पावलं आणि त्याचं ते बेसूर गुणगुणणं ऐकू यायचं. मेव्हण्याच्या लग्नातूनसुद्धा एकदा तसाच उठून आला होता, नव्या कोऱ्या शर्टाला अत्तर लावलेलं. “तिकडे फोटो चाललेत, इकडे आपलं बरं,” असं म्हणून कामाला लागला होता.

अशी चौदा वर्षं गेली. रोज सकाळी दोन रिंगा. आम्ही दोघं फारसे एकमेकांच्या घरी जाणारे नव्हतो, सुखदुःखाचं बोलणारेही नव्हतो. पण दिवसातला पहिला माणूस तो मला आणि मी त्याला, असं होतं.

शेवटची लांब रिंग मी आठ महिन्यांपूर्वी दिली. तो दोन दिवस तापाने घरी होता आणि मला ते ठाऊक होतं. स्पीकर म्हणाला, मला बोलवा. एक दिवस थांबलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? एकशे त्रेसष्ट माणसांनी प्रकरण उद्या ऐकलं असतं. पण मी आयुष्यभर सांगितलेलं तेवढं केलेला माणूस. मी फोन लावला आणि वाजू दिला.

त्याला यायला पाऊण तास लागला. जिन्यात तो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी पावलं थांबलेली मी वरून ऐकत होतो आणि जागचा हललो नाही. आत आला, खुर्चीत बसला, काही बटणं दाबली. स्पीकर म्हणाला, पोचली. बॅटरी म्हणाला, “झालं रे.” ओठ पांढरे पडले होते. पेलाभर पाणी प्यायला, उद्या येतो म्हणाला आणि भिंतीला हात लावत उतरून गेला. दुपारी चारला त्याच्या घरून निरोप आला.

ती रिंग मी कापली नव्हती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. पहिल्या दोन-चार दिवसांनंतर त्याच्या घरी गेलो नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, रस्त्यात लांबून दिसली की मी कुठल्या तरी गल्लीत वळायचो.

आणि गंमत बघा, त्यानंतर आठ महिने तो प्रोग्रॅम एकदाही अडला नाही. रोज सातला बॅटरी सांगायचा, पोचली. मी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. तंत्रज्ञाची जागा रिकामीच राहिली, कारण काम होतंय म्हटल्यावर अध्यक्षांना नवीन माणसाची घाई नव्हती. सभासदांना कळवायचं माझ्याकडे होतं. आज कळवू, उद्या कळवू करता करता तेही राहून गेलं.

त्या सकाळी सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. घड्याळजी आजोबा. हयातभर घड्याळं दुरुस्त करून डोळे गेलेला हा आमचा सगळ्यात जुना सभासद.

“सात वाजून चार मिनिटं झाली,” ते म्हणाले. “पुस्तक आलं नाही.”

“थोडं अडलंय आजोबा. येईल.”

“बॅटरीला बोलवा की.”

“बोलवतो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दहाला बाई आल्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, पडदा बघितला आणि पर्स ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “मुलीला फोन लावा. तुमच्या-माझ्या आवाक्यातली गोष्ट नाही ही.”

माझी मुलगी दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. मी बाप आहे हे ती फोनवर पहिली दोन मिनिटं लक्षात ठेवते.

“बाबा, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचायचं. बंद नाही करायचं.”

“वाचतोय गं. पासवर्ड मान्य नाही म्हणतंय. पण पासवर्ड तोच आहे, चौदा वर्षं तोच आहे.”

“पासवर्ड बरोबरच आहे. मेलवाल्या कंपनीने नियम बदललाय. माणूस स्वतः येऊन पासवर्ड टाकत असेल तर ठीक. पण माणसाच्या नावावर प्रोग्रॅम आत शिरत असेल तर आता दारातच अडवतात. प्रोग्रॅमला वेगळी किल्ली लागते, सोळा अक्षरांची.”

“मग दे ती.”

“मी कुठून देऊ? ती त्या खात्यात शिरूनच काढायची. आणि त्याच्या आधी खात्याला दुहेरी कडी लावायची. म्हणजे पासवर्ड टाकला की फोनवर एक आकडा येतो, तो टाकायचा. मग किल्ली मिळते.”

“कुणाच्या फोनवर?”

“खातं ज्याच्या नावावर असेल त्याच्या.”

खातं बॅटरीच्या नावावर होतं. तिलाही ते ठाऊक होतं. लहानपणी तिची सायकल बॅटरीनेच कितीदा तरी नीट करून दिली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “या कंपन्या एकदम बंद नाही करत. महिनोनमहिने सूचना पाठवतात. कुणी बघितल्या नाहीत का?”

“कुठे पाठवतात?”

“त्याच खात्यावर.”

त्या खात्यात डोकवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. पासवर्ड होता माझ्याकडे. पण गेलेल्या माणसाची पत्रं आपण उघडू नयेत, असं मला वाटायचं. सूचना येऊन पडत राहिल्या आणि मी सभ्यपणा करत राहिलो.

“मग नवीन खातं काढा,” मुलगी म्हणाली. “ग्रंथालयाच्या नावाने. दहा मिनिटांचं काम आहे.”

तेही करता येत नव्हतं. बॅटरीने एकशे त्रेसष्ट घरी स्वतः जाऊन प्रत्येकाचा कॉम्प्युटर असा लावून दिला होता की या एका पत्त्यावरून पत्र आलं की ते आपोआप उघडावं आणि वाचायला लागावं. सभासदाला फक्त कान द्यायचे. दुसऱ्या पत्त्यावरून पाठवलेलं पत्र कुठल्या तरी कोपऱ्यात मुकं पडून राहिलं असतं. पुन्हा एकशे त्रेसष्ट घरांची दारं कोण वाजवणार होतं?

“मग काकूंकडे जा,” मुलगी म्हणाली. “फोन असेल त्यांच्याकडे.”

“बघतो.”

“बाबा, तुमचं बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.”

तिला ठाऊक होतं ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सातला बॅटरी पुन्हा म्हणाला, पोचली नाहीत, मला बोलवा. घड्याळजींचा फोन आला. बॅटरीला बोलवा. बोलवतो. अध्यक्षांनी सांगितलं की आता हे सगळंच बंद करून टाकू, हल्ली लोक मोबाइलवर काय काय ऐकतात. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. बाई आतल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि कुणालाच न पोचणारं पुढचं प्रकरण वाचत बसल्या.

तिसऱ्या दिवशी मी सातच्या आधीच स्पीकरची वायर उपटून ठेवली. घड्याळात सात वाजले. खोलीत काहीच झालं नाही. बाई येईपर्यंत मी बसून राहिलो, आणि मला ते सहन होईना. चौदा वर्षांत पहिल्यांदा सातला त्याचा आवाज आला नव्हता. मी वायर पुन्हा जोडली, बूट घातले आणि जिने उतरलो.

वहिनींचं दार उघडंच होतं. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कुणाची तरी पँट, आणि यंत्राच्या फळीवर बॅटरीचा फोन चार्जरला लावलेला. फोनच्या कोपऱ्याला त्यानेच गुंडाळलेली निळी चिकटपट्टी. मी आधी फोन बघितला आणि मग वहिनींना.

“भाऊजी?” त्या उठल्या. “या ना. बाहेर का उभे?”

मी बसलो. पाणी आलं, प्यायलो. चहा ठेवते म्हणाल्या, नको म्हणालो, त्यांनी ठेवला. मी छताकडे, खिडकीकडे, पँटकडे बघितलं. शेवटी सगळं एका दमात सांगितलं. नियम बदलला, पत्रं अडली, त्याच्या फोनवर आकडा येईल, तेवढा हवा आहे.

वहिनींनी पेला खाली ठेवला. “तिथे ह्यांचा आवाज येतो? अजून?”

“रोज येत होता. सातला.”

“काय म्हणतात?”

“रोज म्हणायचा, सगळ्यांना पोचली. परवापासून म्हणतोय, पोचली नाहीत. मला बोलवा.”

त्या यंत्राच्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तेव्हा आत जाऊन बंद करून आल्या, पण चहा आणला नाही.

मग माझं तोंड उघडलं. उघडायचं ठरवलं नव्हतं. “वहिनी, त्या दिवशी मी रिंग कापली नाही. त्याला ताप होता, मला माहीत होतं. थांबलो असतो तर चाललं असतं. मी नाही थांबलो. तो जिन्यात तीनदा थांबला, मी वरून ऐकत बसलो. खाली गेलो नाही.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“फोन माझ्या हातात होता, भाऊजी.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “हे झोपले होते. दोन दिवसांनी पहिल्यांदा डोळा लागला होता. एक रिंग झाली, मला वाटलं कापाल. दुसरी झाली. तिसरी झाली. मी तसाच वाजू दिला असता तर वाजून वाजून थांबला असता. तुम्ही म्हणाला असता, झोपला असेल बिचारा. पण मीच उठवलं. हलवून उठवलं. म्हटलं, उठा, तुमचं बोलावणं आलंय. नाही उठवलं तर नंतर माझ्यावर चिडतील म्हणून. शर्ट मी दिला. बटणं मी लावली.”

बाहेर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

“तुम्ही रस्त्यात दिसलात की मी दुकानात शिरायचे,” त्या म्हणाल्या. “काही घ्यायचं नसलं तरी. वाटायचं, आता हे विचारतील, आजारी माणसाला उठवलंत कशाला.”

“मी गल्लीत वळायचो,” मी म्हणालो.

त्यांनी पदराने डोळे पुसले, मी रुमालाने नाक. आठ महिने आम्ही दोघं एकमेकांना चुकवत एकच ओझं दोन बाजूंनी वाहत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याचे हात मोकळे आहेत.

“फोन चालू कसा काय ठेवलात?” मी विचारलं.

“रोज सात वाजले की हात जातो. तुमची रिंग यायची ना. सवय जात नाही.” त्यांनी चार्जर काढला, फोन पदरात पुसला. “मी फोन देणार नाही, भाऊजी. रागावू नका. तो माझ्या हातातून कुठे जाणार नाही. मीच येते.”

आमच्या जिन्याशी आल्यावर त्या थांबल्या. “हे कुठे कुठे थांबले होते?”

“तिन्ही वळणांवर.”

त्या पहिल्या वळणावर थांबल्या. कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या, खाली बघितलं, वर बघितलं. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मी प्रत्येक वेळी एक पायरी खाली उभा राहिलो. त्या दिवशी जे करायला हवं होतं ते मी असं आठ महिन्यांनी करत होतो.

बाई खोलीतून बाहेर आल्या आणि काही न बोलता त्यांनी वहिनींचा हात धरला. वहिनींनी सगळं बघून घेतलं. त्याची खुर्ची, खुर्चीवरची चपटी झालेली उशी, फुटक्या कपात उभे केलेले स्क्रूड्रायव्हर. कपाटावरचा स्पीकर बघून म्हणाल्या, “यातून?”

“यातून.”

मुलीला फोनवर धरलं आणि कामाला बसलो. ती सांगायची, मी दाबायचो. मी खात्याचा पासवर्ड टाकला. पडद्याने सांगितलं, आकडा पाठवला आहे. वहिनींच्या हातातला फोन थरथरला आणि टुणकन वाजला.

जाहिरातींचे निरोप त्यावर येतच असणार. पण बॅटरीच्या नावाने, बॅटरीच्या कामासाठी तो फोन आठ महिन्यांत पहिल्यांदा वाजला होता. वहिनींनी तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा सुटा सुटा वाचला. “चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ.” मी टाकला. आतली कडी लावली. आणखी एक आकडा आला, तोही त्यांनी वाचला. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज जरा भक्कम होता.

मग पडद्यावर ती किल्ली आली, सोळा अक्षरं, चार-चारच्या गटात. मुलीने सांगितलं की जुना पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे तिथे तो काढून हे बसवा. मी फाइल उघडली. वर मराठीत एक ओळ लिहिलेली होती. ‘हेडक्लार्कने फक्त इथे बदल करावा. बाकी कशाला हात लावल्यास हात तोडण्यात येतील.’

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी तोंडावर हात धरला आणि तो बराच वेळ काढला नाही.

बाईंनी सोळा अक्षरं वाचली, अगदी पुस्तक वाचतात तशी, एकेक अक्षर स्वच्छ. मी एका बोटाने टंकत गेलो. प्रोग्रॅम चालू केला. आम्ही तिघंही स्पीकरकडे बघत राहिलो, जणू तिथून तोंड दिसणार होतं.

“पोचली नाहीत. मला बोलवा.”

एक अक्षर माझ्याकडून चुकलं होतं. मला तेव्हाच दिसलं, तिसऱ्या गटातलं दुसरं. मी हात पुढे केला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “थांबा.”

त्या स्पीकरखाली जाऊन उभ्या राहिल्या. मान वर केलेली. “घरातसुद्धा असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “मी डबा उघडायला जायचे, झाकण निघायचं नाही, मी चिडायचे. तर म्हणायचे, मला बोलवायचं ना. याच आवाजात.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “पुन्हा लावता?”

किल्ली एकदा नीट बसली की हे वाक्य पुन्हा कधी ऐकू येणार होतं? मी चूक तशीच ठेवली आणि प्रोग्रॅम चालू केला.

“पोचली नाहीत. मला बोलवा.”

“आणखी एकदा,” वहिनी म्हणाल्या. “मग नाही सांगणार.”

मी आणखी एकदा लावला. फोनवर मुलगी विचारत होती, काय झालं, चुकतंय का काही. बाईंनी तिला सांगितलं, “काही नाही गं. थांब जरा.”

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, “बोलावलं असतं हो. कुठून बोलावू?” आणि मग डोळे पुसून खुर्चीपाशी आल्या. त्याच्या खुर्चीत बसल्या नाहीत, पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “करा आता नीट. लोक खोळंबलेत.”

मी अक्षर दुरुस्त केलं. चालू केलं. या वेळी वेळ लागला, कारण तीन दिवसांची पत्रं तुंबली होती. मग स्पीकर म्हणाला, “पोचली. सगळ्यांना पोचली.”

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि आत जाऊन गाद्यांचं दार ओढून घेतलं. पाच मिनिटांत फोन वाजला.

“बारा वाजून सहा मिनिटं,” घड्याळजी म्हणाले. “आली, तिन्ही प्रकरणं आली. बॅटरी आला होता का?”

वहिनी समोर उभ्या होत्या. आता मला खोटं बोलवेना. “आजोबा, बॅटरी आठ महिन्यांपूर्वी गेला. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

तिकडे भिंतीवरच्या कितीतरी घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. “ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “तुम्ही फोन उचलायचात तेव्हा मागे त्याचं गुणगुणणं असायचं. आठ महिने नाही. आम्हाला दिसत नाही, पण नसलेलं ऐकू येतं.”

“मग बॅटरीला बोलवा का म्हणत होतात?”

“तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “आता ठेवतो. तीन प्रकरणं आहेत.”

वहिनी निघाल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, “भाऊजी, हे पुन्हा अडेल का कधी?”

“अडेल की. नियम काय, रोज बदलतात.”

“मग आकडा याच फोनवर येणार?”

“हो.”

त्यांनी फोन पदराखाली धरला. “मग मला बोलवा,” त्या म्हणाल्या आणि कठड्याला हात लावून खाली गेल्या. पावलं कुठेही न थांबता खालपर्यंत गेलेली मी ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी सातला खुर्चीत होतो. एक बूट काढलेला, एक पायात. स्पीकर म्हणाला, “पोचली. सगळ्यांना पोचली.”

मी फोन हातात घेतला. आठ महिने रोज घेत होतो आणि खाली ठेवत होतो. नाव तसंच होतं, यादीत वरून चौथं. मी लावला. तिकडे एकदा वाजला आणि मी कापला.

मग दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला वाकलो. गाठ बसली होती, सुटेना. टेबलावर माझा फोन वाजला, एकदाच, आणि बंद झाला. मी मान वर करून बघितलं. पडद्यावर नाव होतं, बॅटरी.